समोरची नळी

अक्कलकोट रोडला, पिठाच्या गिरणीवर
आमची ड्रेसिंगची खोली.
खाली ज्वारी दळली जाते, वर मी रक्त फिरवते.
भर दुपारी कुठली घरघर कुणाची
मलाही कळत नाही.

लच्मय्या कुरापाटी, वय एकसष्ट, साखर बारा वर्षांची.
उजव्या टाचेला जखम, आठ महिने झाले.
जखम म्हणत नाहीत ते. भोक म्हणतात,
चादरीला पडतं तसं.
बायको राजव्वा जिन्यात सूप घेऊन बसते,
कात्रीने पानं कापत.
हजार विड्या भरायच्या त्या भरायच्याच,
नवऱ्याचा पाय असो नाहीतर काही असो.

कोपराच्या खाचेतून मी एक नळी भरते.
यंत्राला एकटी नळी चालत नाही.
समोर तेवढ्याच वजनाचं काहीतरी लागतं,
नाहीतर ते टेबलावरून चालायला लागतं.
म्हणून समोरच्या नळीत पाणी.
चौथ्या दिवशी येणारं, पिंपात साठवलेलं.
काट्यावर तोलते. रक्त जड,
पाणी जरा जास्तच घालावं लागतं.
"म्हणजे पाणीच महाग पडलं की," राजव्वा जिन्यातून.

बटण दाबलं की लच्मय्याकाका डोळे मिटतात.
चौतीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते.
"थांबिव. कार्बन झिजलाय ह्याचा.
आन् डाव्या पायाचा रबर गेलाय."
"काका, आधी तुमच्या पायाचं बघू."
"बघ की. पळून चाललाय का तो?"

नळी बाहेर येते तेव्हा खाली लाल,
वर वाळल्या कडब्याच्या रंगाचं,
मधे पांढुरका काठ, नखाएवढा.
"एवढंच?"
"कामाचं एवढंच."
वरचं आणि काठाचं मी हलक्या हाताने ओढून घेते,
कॅल्शियमचे थेंब टाकते,
वाटीत ते हळूहळू थिजतं,
थंड खिरीवर धरलेल्या सायीसारखं लिबलिबीत.
डॉक्टरांनी शिकवलंय, पेशंटला असं सांगायचं:
यात बारीक धागे तयार होतात,
तुमच्या मागावर व्हायचं तसं कापड विणलं जातं.
मी तसं सांगितलं.
ते वाटीत वाकून बघत राहिले.
"ताणा कुठाय ह्यात?
नुसता गुंता आहे बे हा."

मग टाचेवर ती साय पसरताना
छताकडे बघत विचारलं,
"हे माझंच ना? बाहेरचं काही नाही?"
"नाही."
"मग आठ महिने अंगातच होतं,
तवा काय करत होतं?"
मी साखरेचं बोलले, बारीक झालेल्या नसांचं,
पोचत नाही तिथवर, असं काहीतरी.
सूत उद्या येईल म्हणणाऱ्या मालकाकडे बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दर मंगळवारी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
मी कडेने रेघ मारते.
सव्वातीन सेंटिमीटर. तीन. तीन.
पाचव्या मंगळवारी परत सव्वातीन,
त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.
मग अडीच.
सगळे कागद एकावर एक खिडकीशी धरले
तर रेघा नीट आत आत जात नाहीत,
एकमेकींना ओलांडतात.
फाइलमध्ये तसेच लावून ठेवलेत.

परवा ते डाव्या पायावर भार देत
जिना चढून आले, खिशात कागदाची पुडी.
अशोक चौकातल्या वाइंडिंगवाल्याकडून
दोन नवे कार्बन.
मला प्लग काढायला लावला,
ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास यंत्राचंच चाललं.
आता ते फिरतं की नाही
हे बोट लावून बघावं लागतं.
खालची गिरणी तेवढी ऐकू येते.
टाच दोनवर आली आहे. एक कड अजून ओली आहे.

रक्ताचं काम झाल्यावर
समोरच्या नळीतलं पाणी मी मोरीत ओतायचे.
राजव्वाने एकदा ते बघितलं.
आता पहिल्यांदा तीच हात पुढे करते.
घोटभरसुद्धा नसतं. पानांवर शिंपडते,
आणि वाळत चाललेली पानं
तळव्याने चेपत बसते.